शेजारच्या खोलीतील डोरथीबाई

डॉ. विल्यम केरी यांची गोष्ट आपण सर्वांनीच शब्बाथ शाळेत ऐकली आहे, आणि आपल्यापैकी पुष्कळांनी ती मुलांना सांगितलीही आहे. जोडे शिवून पोट भरणारा एक गरीब इंग्रज तरुण, त्याच्या कामाच्या जागी भिंतीवर टांगलेला जगाचा नकाशा, मग बंगालचा प्रवास, श्रीरामपूरचा छापखाना आणि कितीतरी भाषांतून छापलेले पवित्र शास्त्र. गोष्ट खरी आहे आणि मुलांना ती आवडते. आम्हीही ती पुष्कळ वर्षे अशीच सांगत आलो. त्या गोष्टीत केरीसाहेबांच्या पत्नीचे नाव एखाद्याच वाक्यात येई. ती प्रथम यायला तयार नव्हती, पुढे तिला वेड लागले आणि तो केरीसाहेबांचा वधस्तंभ ठरला, एवढे सांगून आम्ही पुढच्या पाठाकडे वळत असू.

पण वधस्तंभ नेमका कोणाच्या खांद्यावर होता? केरींच्या खांद्यावर होता हे तर खरेच. परंतु बारा वर्षे जिच्या मनाला क्षणाचा विसावा नव्हता, तिच्या खांद्यावर काहीच नव्हते काय? आज आपल्या मंडळ्यांतही अशी घरे आहेत, जेथे आई, बाप किंवा तरणा मुलगा मनाच्या आजाराने पिडलेला आहे आणि शेजारच्या खोलीत बाकीचे लोक नोकरी, स्वयंपाक, मुलांचा अभ्यास रेटीत आहेत. त्या घरांसाठी ही गोष्ट पुन्हा एकदा, यावेळी डोरथीबाईंच्या बाजूने, सांगावी असे आम्हास वाटते.

डोरथी प्लॅकेट यांचा जन्म 1756 साली इंग्लंडातील नॉर्दॅम्प्टनशायर परगण्यात झाला. हा परगणा समुद्रापासून दूर, शेतीभातीचा. 10 जून 1781 रोजी पिडिंग्टन गावच्या देवळात त्यांचा विल्यम केरींशी विवाह झाला. नवरा वीस वर्षांचाही नव्हता आणि नवरी पंचविशीची होती. लग्नाच्या नोंदवहीत डोरथीबाईंनी सही म्हणून फुली केली, कारण त्यांना लिहिता येत नव्हते. पती मात्र जोडे शिवता शिवता लॅटिन, ग्रीक आणि हिब्रू शिकत होता. अशी ही जोडी होती. अशा जोड्या आपल्या आजी-आजोबांच्या काळात घरोघर होत्या आणि त्यांचे संसार चांगले झाले, म्हणून यात दोष काढण्यासारखे काही नाही.

संसार गरिबीचा होता. पहिली मुलगी ॲन दुसऱ्या वर्षीच तापाने गेली. त्याच तापाने केरीही अंथरुणाला खिळले आणि उठले तेव्हा त्यांच्या डोक्यावरचे केस गेले होते. 1785 साली ते मोल्टन या खेड्यात गेले. तेथे शाळा, जोड्यांचे काम आणि पाळकपण अशा तीन गोष्टी करूनही कुटुंबाचे पोट जेमतेम भरे. 1789 साली लेस्टर शहरातील मंडळीने त्यांना बोलावले. फेलिक्स, विल्यम आणि पीटर हे मुलगे झाले. लूसी नावाची दुसरी मुलगी झाली आणि तीही लहानपणीच वारली. म्हणजे हिंदुस्थानचे नाव घरात निघण्याआधीच या आईने दोन लेकी पुरल्या होत्या. ही गोष्ट आपण सहसा सांगत नाही.

ऑक्टोबर 1792 मध्ये केटरिंग येथे बॅप्टिस्ट मिशनरी संस्था स्थापन झाली, आणि काही महिन्यांतच केरींनी बंगालला जाण्याचे ठरविले. सोबती म्हणून जॉन टॉमस हे डॉक्टर होते. ते पूर्वी बंगालात राहून आलेले होते. डोरथीबाई त्या वेळी गरोदर होत्या. त्यांनी साफ नकार दिला. या नकाराबद्दल त्यांना पुढे कितीतरी चरित्रकारांनी दूषण दिले आहे. आम्ही वाचकांस एवढेच विचारतो, की आपल्या घरातील सून सातव्या महिन्यात असताना तिला पाच महिन्यांच्या समुद्रप्रवासावर, परत येण्याची आशा न धरता नेण्याचा बेत कोणी केला, तर आपण कोणाला समजावू? सुनेला की मुलाला?

केरी आठ वर्षांच्या आतल्या फेलिक्सला घेऊन निघाले. पण टॉमस यांची देणी आणि कंपनी सरकारचा परवाना नसणे यांमुळे त्यांना जहाजावरून उतरविण्यात आले. तोवर डोरथीबाई बाळंत होऊन जेबेझचा जन्म झाला होता. दुसरे जहाज, डेन्मार्कचे, लवकरच सुटणार होते. टॉमस यांनी पुन्हा जाऊन डोरथीबाईंची फार मनधरणी केली आणि न आल्यास जन्मभर पस्तावाल असे परोपरीने सांगितले. शेवटी धाकटी बहीण कॅथरीन, म्हणजे किटी, बरोबर येत असेल तर आपण येतो, असे त्या म्हणाल्या. एका दिवसाच्या आत घर आवरावे लागले. 13 जून 1793 रोजी जहाज सुटले. आईच्या मांडीवर काही आठवड्यांचे तान्हे मूल होते. 11 नोव्हेंबरला ते कलकत्त्यास पोहोचले.

पुढचे वर्ष वाचताना मन विदीर्ण होते. बरोबरचे पैसे लवकरच संपले. एका जागेवरून दुसऱ्या जागी बिऱ्हाड हलू लागले. डोरथीबाई आणि फेलिक्स यांना हगवणीचा आजार जडला. 1794 च्या आरंभी सारे कुटुंब नावेने सुंदरबनात, वाघांच्या आणि मगरींच्या मुलखात राहावयास गेले. तेथे किटीचे एका इंग्रज अधिकाऱ्याशी लग्न ठरले व ती मागे राहिली. ज्या एका माणसाच्या भरवशावर डोरथीबाई घराबाहेर पडल्या होत्या, ते माणूसही गेले. त्यानंतर मालदा भागात मदनावटी येथे निळीच्या कारखान्यावर देखरेखीचे काम केरींना मिळाले. पगार महिना 200 रुपये. आता तरी घडी बसेल असे वाटले.

तोच ऑक्टोबर 1794 मध्ये पाच वर्षांचा पीटर तापाने वारला. केरी स्वतः आजारी होते. परक्या धर्माच्या मुलाचे प्रेत हाताळल्यास जात जाईल या भीतीने कोणी पुढे येईना. शेवटी चार मुसलमान माणसांनी कबर खणून दिली. आपल्या लेकराची कबर खणायला कोणी मिळत नाही हे त्या आईने पाहिले. 1795 साली डोरथीबाईंचे मन पूर्णपणे ढासळले.

आजाराचे रूप असे होते, की आपला पती परस्त्रियांकडे जातो, अशी त्यांची ठाम समजूत झाली. तिला काही आधार नव्हता, आणि ती कोणत्याही समजावणीने हलत नव्हती. त्या पतीच्या मागोमाग रस्त्याने जात, चारचौघांत त्याच्यावर आरोप करीत. काही प्रसंगी केरींच्या जिवालाच धोका निर्माण झाला. ज्याने परक्या देशात येऊन लोकांस पवित्र जीवनाचा उपदेश करावयाचा, त्याच्या दारात दररोज हा आरोप! केरींनी ही गोष्ट आपल्या बहिणींना पत्रातून कळविली, पण लोकांसमोर पत्नीची निंदा केली नाही. अशा स्थितीतच जानेवारी 1796 मध्ये जोनाथन या धाकट्या मुलाचा जन्म झाला.

1992 साली अमेरिकेतील जेम्स बेक या मानसशास्त्राच्या अभ्यासकाने डोरथीबाईंचे चरित्र लिहिले. आज ज्याला भ्रमविकार म्हणतात तो त्यांना झाला असावा, असे त्यांनी त्यात मांडले आहे. या आजारात माणसाची एक खोटी समजूत दगडासारखी घट्ट बसते, आणि बाकी बाबतीत त्याचे बोलणे नीट असू शकते. म्हणूनच घरच्यांना फार काळ वाटत राहते, की ही मुद्दामच असे करते. ती मुद्दाम करीत नसते.

10 जानेवारी 1800 रोजी केरी कुटुंब श्रीरामपुरास आले. हे गाव डेन्मार्कच्या अमलाखाली होते. तेथे जोशुआ मार्शमन, त्यांच्या पत्नी हॅनाबाई आणि मुद्रक विल्यम वॉर्ड हे नुकतेच आले होते. सर्वांनी एकत्र राहावयाचे, एका पंगतीस जेवायचे आणि मिळकत एका पेटीत टाकायची, असे ठरले. मार्शमन दंपतीला केरींची मुले पाहून धक्काच बसला. फेलिक्स चौदा वर्षांचा, जोनाथन चारचा, आणि कोणाच्याच वागण्याला वळण नाही. आई आजारी, बाप कामात बुडालेला. अशा घरातील मुले तशीच वाढतात. त्यात मुलांचा काय दोष? हॅनाबाईंनी त्यांना आपल्या मुलांबरोबर घेतले. वॉर्ड यांनी मोठ्या दोघांना छापखान्याच्या कामास लावले आणि त्यांच्याशी मित्रासारखे वागून त्यांचे मन जिंकले. पुढे फेलिक्स ब्रह्मदेशात गेला, जेबेझ पूर्वेकडील बेटांवर मिशनकार्यास गेला, विल्यमने बंगालातच सेवा केली आणि जोनाथन कलकत्त्यात वकील झाला.

इकडे डोरथीबाईंना त्यांच्या खोलीत ठेवावे लागे. आजाराचा जोर वाढला की त्यांचा आक्रोश साऱ्या आवारात ऐकू येई. शेजारच्याच खोलीत केरी पंडितांबरोबर भाषांतरास बसलेले असत. 1801 साली बंगाली नवा करार छापून झाला, तो याच आवाजाच्या सोबतीने. त्याच वर्षी कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात केरींना महिना 500 रुपयांची शिक्षकाची जागा मिळाली आणि त्या पगारातील बहुतेक रक्कम मिशनच्या पेटीत गेली.

28 डिसेंबर 1800 चा दिवस आपल्या गोष्टींत नेहमी येतो. त्या दिवशी श्रीरामपूरच्या घाटावर हुगळी नदीत कृष्ण पाल या सुताराचा बाप्तिस्मा झाला. त्याच वेळी फेलिक्सचाही झाला. बंगालात सात वर्षे राबल्यावर आलेले हे पहिले फळ. परंतु त्याच दिवशी त्या आवारात दोन माणसे मनाच्या आजाराने तळमळत होती, हे आपण सांगत नाही. एक डोरथीबाई आणि दुसरे डॉ. जॉन टॉमस. कृष्ण पालचा निखळलेला हात बसविणारे आणि त्याला सुवार्ता सांगणारे टॉमसच होते. इतक्या वर्षांची आशा पूर्ण होत आहे हे पाहून त्यांच्या आनंदाला सीमा राहिली नाही. मग झोप उडाली, बोलणे भरकटले, आणि बाप्तिस्म्याच्या दिवशी त्यांना आवरून ठेवण्याची वेळ आली. आपल्या थोरल्या मुलाला बाप्तिस्मा देताना केरींच्या एका कानावर गीत पडत होते आणि दुसऱ्या कानावर आक्रोश, असे म्हटले तर चूक होणार नाही.

टॉमस यांचे सारे आयुष्यच असे होते. कधी उत्साहाचे उधाण, मोठमोठे बेत, हात सैल सोडून खर्च आणि डोक्यावर कर्ज. कधी इतकी खिन्नता, की आपण देवाने टाकलेले आहोत असे त्यांस वाटे. त्यांना पत्नी होती, मुलगी होती, आणि रोग्यांची सेवा ते मनापासून करीत. आज बायपोलर नावाचा जो आजार डॉक्टर सांगतात, त्यात असेच दोन टोकांचे हेलकावे असतात. दोनशे वर्षांपूर्वीच्या माणसाचे निदान करणे हे आमचे काम नव्हे. परंतु टॉमस यांचे चरित्र वाचताना त्या आजाराची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. त्या आघातातून ते सावरले, पुन्हा कामास लागले, आणि ऑक्टोबर 1801 मध्ये दिनाजपूर येथे वारले. बंगालच्या मंडळीचे पहिले फळ देवाने अशा माणसाच्या हातून तोडविले, ही गोष्ट आपण ध्यानात ठेवावी.

आता आपल्या मराठीकडे येऊ. केरी महाराष्ट्रात कधी राहिले नाहीत. पण फोर्ट विल्यम कॉलेजात ते मराठीही शिकवीत आणि त्यासाठी नागपूरकडील वैद्यनाथ पंडित त्यांच्या मदतीस होते. 1805 साली त्यांचे मराठी व्याकरण आणि मत्तयाचे मराठी शुभवर्तमान छापले गेले. 1810 साली मोडी अक्षरांतील मराठी-इंग्रजी कोश आला आणि 1811 साली मराठी नवा करार. 1805 साली डोरथीबाई हयात होत्या. म्हणजे आपल्या भाषेतील पहिले छापील शुभवर्तमान ज्या घरात सिद्ध झाले, त्याच घरात एका बंद दारामागे त्या बसलेल्या होत्या. गोवा, बेळगाव, इंदूर, बडोदे, हैदराबाद, जेथे कोठे आपण मराठीतून शास्त्र वाचतो, तेथे या बाईचे काही देणे आपल्याकडे लागते, असे आम्हास वाटते.

8 डिसेंबर 1807 रोजी, वयाच्या 51 व्या वर्षी, डोरथीबाईंनी देह ठेवला. श्रीरामपुरातच त्यांना मूठमाती दिली. पुढल्या वर्षी मे महिन्यात केरींनी शार्लट रूमोर या डॅनिश बाईंशी विवाह केला. इतक्या लवकर केला म्हणून मिशनमधील सोबत्यांना ते रुचले नाही. हेही लपविण्याचे कारण नाही. केरी देवदूत नव्हते, माणूस होते.

आणखी एक गोष्ट. 1814 साली ब्रह्मदेशात नाव उलटून फेलिक्सची पत्नी आणि मुले बुडाली. तो दुःखाने इतका मोडला, की काही वर्षे रानोमाळ भटकत राहिला. पुढे वॉर्ड यांनीच त्याला शोधून श्रीरामपुरास परत आणले, आणि तो पुन्हा बापाच्या शेजारी बसून भाषांतराचे काम करू लागला. लहानपणी ज्याने त्याला जवळ केले होते, त्यानेच मोठेपणी त्याला हात दिला.

या घराकडून आपण काय शिकावे? प्रथम चुका पाहू. डोरथीबाईंचे मन कोणी विचारले नाही. नकार म्हणजे अविश्वास असे धरले गेले. लागोपाठ दुःखे कोसळली, पण तिच्याजवळ बसून रडणारे कोणी राहिले नाही. मुलांकडे वेळेवर लक्ष गेले नाही. आता चांगले पाहू. त्या काळच्या वेड्यांच्या इस्पितळांत रोग्यांचे फार हाल होत. चरित्रकार सांगतात, की सोबत्यांनी सुचवूनही केरींनी पत्नीला तेथे पाठविले नाही. आणि ज्या दिवशी त्या घराचे ओझे दुसऱ्या खांद्यांनी वाटून घेतले, त्या दिवसापासून घर तगले. केरींच्या कार्याचा मोठेपणा सांगताना आपण हॅनाबाईंच्या स्वयंपाकघराला आणि वॉर्ड यांच्या सोशिकपणाला विसरतो. ते नसते तर मुले हातची गेली असती.

केरींच्या काळी औषध नव्हते. दार बंद करण्याखेरीज त्यांना दुसरा उपाय माहीत नव्हता. आज तसे नाही. 1949 साली ऑस्ट्रेलियातील जॉन केड या डॉक्टरांनी लिथियम या क्षाराचा उन्मादावरील गुण दाखवून दिला. 1952 पासून भ्रमावर चालणारी औषधे मिळू लागली. रोज गोळ्या घेऊन, रक्त तपासून, झोपेची वेळ सांभाळून बायपोलरचे कितीतरी रोगी आज नोकरी करतात, मुले वाढवितात, मंडळीत गीते गातात. आजार समूळ जाईलच असे नाही, पण मधुमेहासारखा तो ताब्यात ठेवता येतो. बरे वाटले म्हणून गोळ्या मनाने बंद केल्या, की तो उलटतो. म्हणून बंद करणे वा कमी करणे हे डॉक्टरांनाच विचारून करावे.

येथे आम्हास मोकळेपणाने बोलले पाहिजे. आपल्या मंडळ्यांत असा आजार दिसला की कोणी म्हणतो भूतबाधा, कोणी म्हणतो गुप्त पाप, कोणी म्हणतो विश्वास कमी. प्रार्थनेच्या नावाखाली गोळ्या बंद करण्यास सांगणारेही आहेत. असे करू नका. प्रार्थना जरूर करा, डोक्यावर हात ठेवून करा, आणि गोळीही वेळेवर द्या. एलीया झुडपाखाली बसून मरण मागू लागला, तेव्हा देवाच्या दूताने त्याला उपदेश करण्याआधी भाकर आणि पाणी दिले आणि झोपू दिले. शरीराची काळजी घेणे हे अविश्वासाचे चिन्ह नव्हे.

रोग्याला साखळीने बांधणे आज कायद्याने मना आहे, आणि 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचार मिळणे हा त्याचा हक्क ठरला आहे. सरकारी उपचाराच्या जागा आपल्यापासून दूर नाहीत. गोव्यात बांबोळी, बेळगावकरांस धारवाड, तसेच ग्वाल्हेर, बडोदे आणि हैदराबादेत एर्रागड्डा येथे मानसिक रुग्णालये आहेत. 14416 या क्रमांकावर टेलिफोन केल्यास सल्ला फुकट मिळतो. कोणाच्या मनात जीव देण्याचे विचार येत असतील, तर त्याला एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

आणि डॉक्टर करू शकत नाहीत असे एक काम मंडळीकडे आहे. अशा घरी जाऊन बसा. मुलांना आठवड्यातून एक संध्याकाळ आपल्या घरी जेवायला बोलवा. रोग्याची काळजी घेणाऱ्या पतीला वा पत्नीला दोन तास मोकळीक द्या. रोगी मंडळीत आला तर त्याला त्याच्या नावाने हाक मारा, आणि जमेल ते काम त्याच्या हाती द्या. शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी वर्गातील अबोल वा दांडगट मुलाला रागावण्यापूर्वी त्याच्या घरी काय चालले आहे हे हळुवारपणे जाणून घ्यावे. तो कदाचित या काळचा फेलिक्स असेल.

पुढच्या वेळी केरीसाहेबांची गोष्ट सांगताना आम्ही नकाशा सांगू, छापखाना सांगू, आणि मग शेजारच्या खोलीचे दारही उघडू. मुलांना सांगू, की तेथे एक आई होती, तिने तीन लेकरे पुरली होती, ती फार आजारी होती, आणि देवाचे तिच्यावर प्रेम होते. वर्गातील एखादे मूल ते ऐकून मान वर करील आणि त्याला कळेल, की आपल्या घरासारखे घर पूर्वीही होते आणि त्या घरातही प्रभू राहत होता.